वरच्या मजल्यावरच्या मावशी

आमच्या मावससासूबाईंच्या हाताखाली ज्यानं नोकरी केली, त्याला पुढे जन्मात कुठल्याही साहेबाची भीती वाटत नाही, असं डिचोलीत अजून म्हणतात. आणि ज्यानं त्यांच्या हाताखाली नोकरीही केली आणि त्यांच्याच घरी जावई म्हणून पाटावर बसून जेवणही घेतलं, त्याला तर कशाचीच भीती वाटत नाही. असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो हे लिहितो आहे. मी मूळचा इब्रामपूरचा. लग्न झालं तेव्हा मला नोकरी नव्हती, टायपिंग येत होतं. बायकोच्या मावशी डिचोलीबाहेरच्या एका काजूच्या कारखान्यात ऑफिसच्या बाई होत्या. त्यांनी मला तिथं टायपिस्ट म्हणून चिकटवलं आणि चिकटवताना स्पष्ट सांगितलं, "हे पाहा, घरी तुम्ही जावई. इथं तुम्ही टायपिस्ट. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

ती गाठ त्यांनी स्वतः कधी पडू दिली नाही. घरी मी उंबऱ्यात दिसलो की त्या उठून उभ्या राहत. डोक्यावरून पदर घ्यायची त्यांना सवय नव्हती, पण आवाजावरून घेत. "जावयबापू, तळलेल्या विसवणाची आणखी एक तुकडी घ्या हां, तुम्ही काहीच खात नाही," असं म्हणताना तो आवाज लोण्यासारखा होई. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज कारखान्याच्या जिन्यावरून खाली येई, "ओ टायपिस्ट! हे पत्र मुंबईच्या व्यापाऱ्याला लिहिलंय की तुमच्या सासूला?" माझी सासू म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. त्यामुळे या प्रश्नाला हो म्हणावं की नाही, हे मला कधीच ठरवता आलं नाही. कधी कधी रविवारी वाढता वाढता त्यांना शनिवारची माझी एखादी चूक आठवे. हातातली पळी हवेत थांबे, ओठ हलत, आणि मग मोठ्या कष्टानं त्या एवढंच म्हणत, "उद्या बोलू." पळीतली आमटी पानात पडे, पण नंतर तिची चव लागत नसे.

चालताना त्या इतक्या भरभर चालत की त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसाला आपण त्यांच्या पाठलागावर असल्यासारखं वाटे. पुढे त्यांनी मोपेड घेतली, तेव्हा उलट लोक म्हणाले, आता जरा हळू जाऊ लागल्या. कुठल्याही खोलीत शिरल्यावर त्या पहिल्यांदा जनेल उघडत. खिडकीला त्या खिडकी कधी म्हणाल्या नाहीत, जनेलच. बँकेत गेल्या तरी, कुणाच्या आजारपणाला भेटायला गेल्या तरी, आधी जनेल आणि मग नमस्कार. एकदा म्हापशाच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या खोलीचं जनेल असंच धाडकन उघडलं. बाहेर त्याच जनेलाखाली नवऱ्याकडची मंडळी आणखी काय काय उकळायचं याची कुजबुज करत होती. ती सगळी आत नवरीच्या बापानं ऐकली. मग मांडवात भांडण होऊन लग्न मोडलं, त्याचं खापर मावशींवर फुटलं. पण त्या मुलीनं पुढे बरी माणसं शोधून जे लग्न केलं, त्या लग्नात पहिला मान मावशींना मिळाला. तिथंही त्यांनी आधी जनेल उघडलं.

त्या काळात गोव्यात भाषेवरून घराघरांत वाद चालले होते. मावशींचे यजमान शाळेत मराठी शिकवत आणि जेवताना मराठीची बाजू मांडत. मावशी स्वतः कुणालाही झापायचं झालं तर कोकणीत झापत, पत्र मराठीत लिहीत, आणि आकडे मात्र पोर्तुगीजमध्ये पुटपुटत, कारण लहानपणी पाढे त्या भाषेतून पाठ झाले होते. यजमानांनी एकदा चिडून विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूची?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्याला बोलायला मिळत नाही त्याच्या. एकदा बोलायला मिळालं की भाषा कुठली ती बघू."

त्यांची सगळ्यात गाजलेली खोड म्हणजे माणूस पारखायची रीत. कारखान्यात कुणाला जरा जबाबदारीच्या जागी घ्यायचं झालं की त्या त्याला रविवारी घरी जेवायला बोलावत आणि पानात पेडवे वाढत. पेडवा हा एवढासा मासा, पण काट्यांचं नुसतं जाळं. समोरचा तो कसा खातो ते मावशी पाहत बसत. जो काट्यांवर वैतागून मासा कुस्करी तो बाद. जो काट्यांसकट चावून गिळी तो तर बादच, वर त्याला केळं खायला देऊन घरी पाठवत. जो शांतपणे एकेक काटा बाजूला काढून गप्पा मारत जेवे, त्याला नोकरी. "काजूचा गर अख्खा काढायचा तर असाच धीर लागतो," त्या म्हणत. एकदा एक शुद्ध शाकाहारी उमेदवार आला. मावशी जराशा गडबडल्या, आत गेल्या आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी घेऊन बाहेर आल्या. तो बिचारा पास झाला.

आता कारखान्याविषयी सांगायला हवं. काजूच्या कारखान्यात काम सगळं बायकांचं. खाली लांबच लांब शेडमध्ये त्या ओळीनं बसत. भाजलेली बी फोडायची, गर अख्खा बाहेर काढायचा, वाळवायचा, साल काढायची, निवडायचं. बीच्या चिकानं बोटं काळी पडत, सोलवटत. आसपासच्या गावांतल्या बायका होत्या, दोडामार्गाकडून रोज बसनं येणाऱ्याही होत्या. या सगळ्या बायकांवर मुकादम पुरुष, मुकादमांवर मॅनेजर पुरुष, आणि जिना चढून वरच्या मजल्यावर कारखान्याचे मालक तीन शेठ भाऊ. थोरले शेठ बोलत, मधले मान हलवत आणि धाकटे डुलक्या घेत. वरच्या मजल्यावर बाई म्हणजे एकट्या मावशी, त्याही पत्रं लिहायला आणि चहा आला का ते बघायला. मग गोवा राज्य व्हायच्या आदल्या वर्षी मॅनेजर अचानक आखातात नोकरी मिळून निघून गेला. दुसरा मिळेपर्यंत शेठजींनी मावशींना 'तात्पुरती व्यवस्थापिका' केलं. तात्पुरती हा शब्द त्यांनी मला पत्रात दोनदा टाइप करायला लावला.

त्याच सुमारास मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आमचा माल परत आला. गर फुटलेला, कुठे करपलेला. पोती ट्रकमधून उतरत होती आणि शेडमधल्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. चतुर्थी नुकतीच झाली होती, दिवाळीचा मोठा माल जायचा होता. तोही असाच परत आला तर कारखाना बंद करू, असं थोरले शेठ उघड बोलू लागले. मावशी खाली गेल्या. बायकांच्या ओळीत बसकण मारून त्यांनी विचारलं, "गर का फुटतोय?" सगळ्या गप्प. मावशी कडाडल्या, "उलय गो! तोंड कित्याक दिलां देवान?" तेव्हा दोडामार्गाकडची रुक्मिण नावाची एक बाई मान खाली घालूनच म्हणाली, "बाय, दादल्याक कसा सांगूचा?" पुरुषमाणसाला सांगायचं कसं, हेच अडलं होतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. बाहेर जायचं तर मुकादमाला विचारावं लागे, आणि तो चारचौघांत "पुन्हा?" म्हणे. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. कुणाचं अंगावरचं मूल शेजारणीकडे ठेवलेलं, कुणाची शेवटची बस चुकायची धास्ती, त्यामुळे हात घाई करत. बी जास्त भाजली जाते हे मुकादमांनाही दिसे, पण वर जाऊन सांगायची त्यांचीही छाती नव्हती. म्हणजे खालून वर जाणारा जिना सगळ्यांसाठीच बंद होता.

मावशींनी वर जाऊन तिन्ही शेठांसमोर सांगितलं, मुकादम बायकांमधून नेमायचे.

थोरले शेठ हसले. "बाईच्या हाताखाली पुरुष काम करतील? आजवर कुठं पाहिलंय?"

"तुमच्या घरी पाहिलंय," मावशी म्हणाल्या. "गेल्या चतुर्थीला वहिनींनी तुम्हाला गणपतीवरची फळांची माटोळी दोनदा उतरवून पुन्हा बांधायला लावली."

मधल्या शेठांनी सवयीनं मान हलवली आणि थोरल्यांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ती मान अर्ध्यावरच थांबली. गडबडीत धाकटे जागे झाले. "घर वेगळं, कारखाना वेगळा," थोरले म्हणाले. "नुकसान झालं तर?"

"झालेलंच आहे, शेठ. परत आलेली पोती खाली पडलीत. दिवाळीचा माल परत आला तर मी हे काम सोडीन. मॅनेजरचंही आणि ऑफिसचंही."

मी कोपऱ्यात टिपणं घेत होतो. माझी पेन्सिल थांबली. मावशींच्या यजमानांचा पगार मास्तरचा, दोन मुली शिकत होत्या. पण त्या बोलून मोकळ्या झाल्या होत्या. शेठजींनी होकार दिला, तोही मला वाटतं, त्या सोडतील या आशेनंच दिला.

आणि पहिल्याच घासाला खडा लागला. मावशींनी पहिली मुकादमीण निवडली ती सुर्ल्याची शेवंती. खाणीच्या गावची, उंच, खणखणीत, कुणाला न भिणारी. आठवडाभरात बायका रडकुंडीला आल्या. पुरुष मुकादम बायका किती वेळा बाहेर जातात ते मोजत, शेवंती त्यांचे श्वास मोजू लागली. "मी सोसलं, तुम्हाला काय धाड भरलीय?" हे तिचं ब्रीदवाक्य. जिन्यात जुने मुकादम एकमेकांना टाळ्या देऊ लागले. त्या रविवारी मावशींनी शेवंतीला जेवायला बोलावलं. मी पंक्तीला होतो. शेवंतीनं पेडवे डोक्यापासून शेपटीपर्यंत करकर चावून संपवले आणि आणखी मागितले. मावशींनी तिच्यापुढे केळं ठेवलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "जावयबापू, चूक माझी. घाईघाईत मी बाई निवडली, माणूस निवडायला विसरले. हे जेवण आधी व्हायला हवं होतं."

पण त्यांनी शेवंतीला घालवलं नाही. तिला कच्च्या मालाच्या दारावर उभं केलं. बी घेऊन येणारे ट्रकवाले ओली पोती वाळक्यांच्या खाली दडपून द्यायचे आणि आमचा दारावरचा कारकून त्यांच्या मिश्यांना घाबरून गप्प बसायचा. शेवंतीचं अर्धं आयुष्य सुर्ल्याच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची धूळ खाण्यात गेलेलं. ट्रकवाल्यांची भाषा तिला त्यांच्यापेक्षा चांगली येत होती. पहिल्याच दिवशी तिनं एका ड्रायव्हरला सगळा ट्रक खाली करून पुन्हा भरायला लावला. नंतर ओलं पोतं आमच्या आवारात शिरलं नाही. ड्रायव्हर दारात येण्याआधी मिशा खाली वळवतात, अशी वदंता होती.

शेडमध्ये मावशींनी रुक्मिणीला आणि आणखी एका बाईला मुकादम केलं. मुलांसाठी एक कोठी रिकामी करून दिली, तिची जनेलं अर्थातच स्वतः जाऊन उघडली. बोटांना लावायला खोबरेल ठेवलं. बाहेर जायला विचारायचं नाही, असं जाहीर केलं. पहिल्या दिवसांत काम घटलं. थोरले शेठ वरच्या कठड्याशी येऊन घसा खाकरत उभे राहू लागले. आणि तशातच एका सकाळी सगळे पुरुष मुकादम कामावर आलेच नाहीत. बाईच्या बरोबरीनं बसणार नाही, असा निरोप आला. त्यांच्यामागोमाग भट्टीवरचे गडीही घरी बसले. भट्टी पेटली नाही तर बी भाजणार कशी आणि बायका फोडणार काय?

आला तो एकटा म्हातारा भट्टीवाला. मावशींनी विचारलं, "तुम्ही नाही गेलात?" तो बिडी विझवत म्हणाला, "म्हज्या घरांत चलयोच चलयो. सांजे घरा वचून तांकां कितें सांगूं?" घरात सगळ्या मुलीच, संध्याकाळी त्यांना जाऊन काय सांगणार, या हिशेबानं तो राहिला होता. मावशींनी पदर खोचला आणि त्याच्याबरोबर भट्टीशी उभ्या राहिल्या. मग वर बघून ओरडल्या, "ओ टायपिस्ट, खाली या!" मी गेलो. त्या धुरात मी आयुष्यात पहिल्यांदा मोठं झाऱ्यासारखं फावडं धरलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. म्हातारा सांगे, "आता काढा," आणि आम्ही काढायचो. रुक्मिण मध्येच धावत येऊन बीचा रंग बघे आणि "आजून जरा कमी" म्हणे. मावशी तिचं ऐकत. तात्पुरत्या का होईना, त्या व्यवस्थापिका होत्या, पण रुक्मिणीनं "कमी" म्हटलं की कमी. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काळ्या तोंडाच्या मावशी काळ्या तोंडाच्या मला पाट मांडून देत कळवळून म्हणाल्या, "अरे देवा, जावयबापूंचा हात भाजला! कुणी उभं केलं हो तुम्हाला भट्टीवर?" मी पाटावर बसलो. गाठ पडू द्यायची नाही, असं ठरलं होतं.

दिवस जाऊ लागले आणि मुकादमांना बातम्या जाऊ लागल्या की कारखाना चालू आहे. इतकंच नाही, फुटका गर कमी होतो आहे. पाणी पिणाऱ्या, बोटं न जळणाऱ्या, मूल शेजारच्या कोठीत निजलेल्या बायकांचे हात घाई करत नव्हते. एक दिवस दोघे मुकादम परत आले. फाटकाशी घोटाळत उभे राहिले. शेवंतीनं त्यांना ट्रकसारखं थांबवून ठेवलं होतं. मावशी बाहेर गेल्या. त्यांना आत घेतील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, रुक्मिणीलाही नाही. मावशींनी घेतलं. रुक्मिण म्हणाली, "आता कशाक होये ते?" मावशी म्हणाल्या, "नुसता कोकमाचा आगळ कुणी पीत नाही गो. नारळाचा रस घातला तरच सोलकढी होते." त्यातल्या एका मुकादमानं विचारलं, "बाईला काय म्हणून हाक मारायची?" "नावानं," मावशी म्हणाल्या. "तिच्या आईबापांनी ठेवलंय." तो माणूस पुढे रुक्मिणीचा उजवा हात झाला. बीची पोती कशी रचायची, कुठली आधी भाजायची हे तो बघे, बायकांचं रुक्मिण बघे, आणि दोघांचं पटलं नाही की म्हातारा भट्टीवाला बिडी पेटवून निवाडा देई.

दिवाळीचा माल गेला. आम्ही सगळे वाट पाहत होतो ती ट्रक परत येण्याची. ट्रक आला, तो रिकामा, आणखी माल न्यायला. थोरले शेठ तेव्हा पहिल्यांदा जिना उतरून शेडमध्ये आले. चपला बाहेर काढून आले, देवळात येतात तसे. रुक्मिणीच्या समोरून एक अख्खा गर उचलून त्यांनी उजेडात धरला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरा आहे." एवढंच. संध्याकाळी त्यांनी मावशींना भेट पाठवली, आमच्याच कारखान्याच्या काजूचा डबा. मावशी तो बघून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि मग पुसतच राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. डिचोलीत फटाके वाजले. मावशींनी शेडमध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि जन्मातलं एकुलतं एक भाषण केलं. "गोव्याला राज्य जमणार नाही म्हणत होते. मुकादमकी बायकांना जमणार नाही म्हणत होते. पेढा खा आणि कामाला लागा." टाळ्या वाजल्या त्यात जुने मुकादमही होते. कारखाना वाढला, पेडण्याच्या बाजूला आणखी एक शेड झाली, रुक्मिण तिथली प्रमुख म्हणून गेली. मावशी मात्र कागदोपत्री आणखी काही वर्षं तात्पुरत्याच राहिल्या. शेठजींना कायमचा माणूस शोधायला सवडच होत नव्हती. शेवटी त्यांनी शोधणं सोडलं.

मावशी आता नार्व्याला राहतात, नदीकाठी, यजमानांच्या जुन्या घरात. यजमान गेले. कान कमी झालेत, चाल मंदावली आहे, पण झापणं अजून कोकणीतच. मध्यंतरी माझी मुलगी त्यांना भेटायला आली. ती वेर्ण्याच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे, तिच्या विभागातली एकटीच मुलगी. जेवणं झाल्यावर ती आजीजवळ बसून म्हणाली, "आजी, मीटिंगमध्ये मी काही सांगितलं की सगळे हसून मान हलवतात. मग तेच दुसऱ्या कुणी सांगितलं की लिहून घेतात. सोडावीशी वाटते नोकरी."

मावशींनी कानाशी हात नेऊन पुन्हा विचारलं. मुलीनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, जरा रडत.

"सोडू नको," मावशी म्हणाल्या. "एकटी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर गो. बघतात आणि पान उलटतात. दुसरी आण. कुणाच्या मागे लागायचं त्याच्या लाग, पण दुसरी आण. दोघी असल्या की एक बोलते आणि दुसरी म्हणते, हे आत्ता हिनं सांगितलं."

पावसाळा सरता सरता मुलीचा फोन आला. तिच्या विभागात फोंड्याची एक मुलगी रुजू झाली होती. मी नार्व्याला गेलो आणि ओसरीत बसलेल्या मावशींना ओरडून ही बातमी सांगितली. त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. समोर दिवाडीला जाणारी फेरीबोट धक्क्यावरून सुटत होती, तिकडेच त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिला सांगा, दुपारी त्या नव्या मुलीबरोबर जेवायला बस म्हणावं. कामाचं नाही बोललं तरी चालेल."

माझ्याकडे न बघताच त्या पुढे म्हणाल्या, "खाली केवढ्या बायका होत्या. डबे उघडले की हसणं वरपर्यंत ऐकू यायचं. शेठांच्या पंक्तीत मला बसवत नसत, आणि मी खाली जाऊन बसले तर त्यांचं बोलणं थांबायचं. सगळी वर्षं मी वर एकटीच जेवले."

फेरीबोट नदीच्या मध्यावर गेली होती. तेवढ्यात त्या उठल्या, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "चला जावयबापू, दोन पानं मांडते. आज तुमच्याबरोबरच बसते."